बस्सीची काळी

खड्ड्यातलं पाणी रात्रभर जागचं हललं नव्हतं. काल संध्याकाळी मालननं ओतलेल्या दोन बादल्या सकाळी तशाच्या तशा होत्या, काठोकाठ, वर चिमणीचं एक पीस आणि आभाळाचा एक तुकडा. बोटावर मिसरी घेऊन ती मागच्या दारानं बाहेर आली होती. खाली वाकली तर पाण्यातून तिचंच तोंड तिच्याकडे बघत होतं, आणि त्या तोंडातलं बोट थांबलेलं. एवढंच झालं. बाकी सगळं रोजच्यासारखं चालू होतं. सीकर रोडवर ट्रकवाले एकमेकांना हॉर्नची शिवी देत होते, मागच्या गल्लीतल्या कारखान्यात पत्रा कापायची मशीन किंचाळायला लागली होती, न्हाणीघरात लेक जयंती रेडिओच्या आधी एक कडवं गात होती. पण मालनला वाटलं, आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलंय आणि आपण ते नीट ऐकलेलं नाही. पाणी जायला हवं होतं. या जयपुरात पाणी जातंच. शेजारच्या पार्वतीजी भांडी घासलेलं पाणी अंगणात भिरकावतात ते त्यांच्या स्वतःच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही. इथली रेती म्हणजे भोळ्या माणसाचा कान, ओतलं ते गेलं, मागमूस नाही. आणि इथं, त्याच मुरलीपुऱ्यात, त्याच भिंतीच्या अलीकडे, पाणी रात्रभर पाहुण्यासारखं मांडी घालून बसलं होतं. मिसरी थुंकून ती आणखी खाली वाकली.

गुलाबराव गावाला जाताना सांगून गेले होते, खड्डा मी खणून ठेवलाय, तू भिजवून ठेव, आल्यावर मोसंबी लावू. मोसंबीचं कलम न्हाणीघराच्या सावलीत गोणपाटात बांधून उभं होतं, मोजकी पानं घेऊन, नवी नवरी माप ओलांडायच्या आधी थांबते तसं, कुणी ये म्हणेल याची वाट बघत. मालननं पाण्यात काठी घातली. काठी बुडाला टेकली आणि चिकटली. ओढून काढली तर टोकाला राखाडी-काळा गोळा, लोण्यासारखा. खड्ड्याची कड तिनं अंगठ्यानं घासून बघितली. गुळगुळीत. कुदळीच्या पात्यानं घासून घासून ती मातीची भिंत कुंभारानं पाणी लावून फिरवलेल्या माठासारखी झाली होती. माठच होता तो. नवऱ्यानं झाडासाठी खणून ठेवलेला, चकचकीत, न गळणारा माठ.

ही माती मुरलीपुऱ्याची नव्हती. ती बस्सीची होती, आणि ती कशी आली हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण गुलाबरावांनी आयुष्यात गाजावाजा करून केलेली ती एकच गोष्ट. नोकरीभर मालगाडीचे गार्ड. ड्रायव्हरला पुढची जमीन दिसते, गार्डला शेवटच्या डब्यातून फक्त मागं पडलेली. इतकी वर्षं जमीन आपल्यापासून दूर जाताना बघत बसलेला माणूस निवृत्त झाला की काय करील? ती धरून ठेवील. बांदीकुईच्या लाइनवर असताना बस्सीच्या पुढे त्यांना एका उन्हाळ्यात एक आटलेलं तळं दिसलं होतं, आणि तळ्याच्या बुडातून गाळ उकरणारी माणसं. घर बांधून झालं, रिटायरमेंटचा हार वाळला, आणि एक दिवस ते सकाळी बसनं बस्सीला गेले ते संध्याकाळी रुमालात गाळाचा गोळा घेऊन आले. दोन्ही तळव्यांत वळून त्यांनी त्याची करंगळीएवढी वळी केली, ती तुटली नाही, आणि ती त्यांनी मालनच्या हातावर ठेवली. "बघ. काळी हाय. आपल्याकडच्यासारखी काळी!" मालनला ती गांडुळासारखी वाटली होती, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिनं ती लगेच खाली टाकली नाही. मग ट्रॉल्या आल्या. मुरलीपुऱ्यात लोक जोतं भरायला रेती आणत, आणि हा महाराष्ट्रवाला रेतीवर तळं आणून पसरत होता. लोक गच्चीवर येऊन बघत होते. गार्डसाहेबांनी काम कसं करावं तर नियमानं. आधी पसरली, मग पाणी मारलं, मग कुणाकडून तरी हाती ओढायचा रोलर आणून दाबली, दोरी लावून सपाट केली, खळं करावं तशी. चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत. परातीत कणीक मळून दाबून ठेवावी तसं अंगण झालं. आणि ते त्या कणकेवर अनवाणी चालत होते, हात मागं बांधून, पाटलासारखे. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

कारण झाडं मेली होती. आधी लिंबू, मग मोसंबी, मग दुसरी मोसंबी. पानं पिवळी पडली की गुलाबराव पाणी द्यायचे. आणखी पिवळी पडली की आणखी द्यायचे. जयपूरचं ऊन, ते म्हणायचे, झाडाला सोसत नाही. दुसऱ्या मोसंबीच्या बुडाशी डिंक गळला, साल उलली, तिला धरून हलवलं तर ती दातासारखी हातात आली, मुळं काळी, कुजकी, आंबूस वासाची. तो वास मालनच्या नाकात होता, आत्ता, खड्ड्यापाशी, काठीच्या टोकाला. गुलाबरावांनी कारणांची मोठी माळ लावली होती. लूची गरम झळ लागली, पाण्यात क्षार, नर्सरीवाला लबाड, पार्वतीजींची नजर. माणूस दोष वाटायला बसला की स्वतःच्या ताटाला शेवटी येतो, आणि तोवर पातेलं संपलेलं असतं. आणि अगदी शेवटी, मागच्या थंडीत, मेलेल्या झाडाच्या जागी उभं राहून ते म्हणाले होते, "ही जागाच आपल्याला धरत नाही." त्यात कुणाचा दोष नव्हता, म्हणून ते वाक्य मालनला सगळ्यांत भयंकर वाटलं. नजरेला उतारा असतो. जागेला काय करायचं?

झाडं बुडून मेली होती. राजस्थानात! तिला ओरडून कुणालातरी सांगावंसं वाटलं, आणि लगेच पदर तोंडाला लावावासा वाटला.

कारण गोष्ट आता झाडाची राहिली नव्हती. दिवाळीत हणमंतभावजी येऊन गेले होते, गुलाबरावांचे धाकटे भाऊ, मानवतजवळच्या गावात राहिलेले. पाटलाच्या नातवाला मोसंबीच्या मळ्यातला एक तुकडा विकायचाय, म्हणाले. पाटलाचा मळा! ज्या विहिरीची मोट गुलाबरावांच्या वडलांनी ओढली, ज्या मळ्यात लहानपणी गुलाबरावांना पाला गोळा करायला पाठवायचे आणि बाहेर येताना सदरा झटकून दाखवायला लावायचे, फळ नाही ना म्हणून. "दादा, इथलं घर मोडलं तर तो तुकडा येतो," भावजी म्हणाले होते आणि बशीतला चहा फुर्रकन ओढून मालनकडे बघितलं होतं, वहिनी काय म्हणते बघू असं.  वहिनीनं आणखी चहा ओतला. आठवड्यानं जेवता जेवता गुलाबरावांनी निकाल सांगितला. यंदा शेवटची मोसंबी लावायची. तिनं जीव धरला तर इथंच राहायचं. नाही धरला तर घर विकायचं. आयुष्यभर दुसऱ्याचा सिग्नल बघून झेंडी दाखवलेला माणूस, त्यानं निकालसुद्धा झाडावर टाकला होता, आणि आपण केवढे न्यायी या समाधानानं भात कालवला होता. मालनलाही ते न्यायाचंच वाटलं होतं. ती हो म्हणाली होती. आणि आता हा माठ. झाड लावायच्या आधीच निकाल खड्ड्यात लिहून ठेवलेला, आणि तो वाचता येणारी घरात ती एकटी.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. खड्ड्यातलं पाणी तिनं मग्ग्यानं उपसलं, मोरीत ओतलं, आणि खाली बसकण मारली. लगेच खणावं म्हणून फावडं घातलं तर फावडंच मातीनं धरून ठेवलं. ओल्या काळीत हात घालायचा नसतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती त्याच मातीतली. पावसाळ्यात शेतातून येताना पायाला एकेक शेर माती चिकटून यायची, आणि ओल्यात खणलं की पुढं त्याची ढेकळं दगडासारखी होतात. वाफसा येईपर्यंत थांबायचं. थांबणं हे तिचं जन्माचं काम, पण या वेळी ते जमेना. ती स्वयंपाकघरातून मागच्या दारी, मागच्या दारातून पुढच्या, डाळ करपली, दूधवाल्याला दोनदा भांडं दिलं. जेवताना जयंती म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना? मतलब, चेहरा असा का झालाय?" ऊन लागलं म्हणून सांगितलं. फाल्गुनात.

पार्वतीजींनी भिंतीवरून बघितलंच. त्या बघायच्याच. गोऱ्या, जाड, नाकात मोठी चमकी, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं. "अरे जयंती की मम्मी, पानी तो खड़ा है! अब एक भैंस बाँध लो, जोहड़ तो घर में ही बन गया!" जोहड म्हणजे तळं. मालनही हसली. म्हणाली, "पहला दूध आपको ही भेजूँगी." पार्वतीजी खूश झाल्या, मेथी निवडत आत गेल्या. बाई वाईट नव्हती. बोलण्यात एक हात पुढे, पण ताप आला की काढा घेऊनही एक हात पुढे. जमाखर्च मांडला तर शिल्लक तिच्याच बाजूला निघाली असती. नवीन राहायला आल्यावर तिनं याच भिंतीवरून विचारलं होतं, "आप लोग कौन होते हो?" मालनच्या घशात सगळं गाव आलं होतं, गावकुसाबाहेरची गल्ली, विहिरीवर दूर उभं राहून धरलेली घागर, आणि तिच्या तोंडून निघालं, "हम मराठी हैं." पार्वतीजींनी मान डोलवली, "अच्छा, मराठी," जशी मराठी ही एक जातच असावी, आणि बऱ्यापैकी असावी, आणि प्रश्न तिथं संपला. संपला! मालन किती दिवस त्या संपण्याकडे वळून वळून बघत होती. आतल्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता. गुलाबरावांना तो बाहेरच्या खोलीत हवा होता, ती म्हणाली त्या भिंतीला ओल आहे. ओल नव्हती. पार्वतीजी आतल्या खोलीत कधी आल्या नाहीत, हिनं बोलावलं नाही, आणि हळदीकुंकवासारखं काही असलं की पार्वतीजींच्या ओट्यावर ही इतर बायांच्या मांडीला मांडी लावून बसायची. तिथं बसताना सुख व्हायचं आणि त्या सुखाला आतून काहीतरी कुरतडायचं. पण गावात परत जायचं म्हणजे या ओट्यावरून उठून थेट त्या गल्लीत. तिथं कुणी विचारत नाही, तुम्ही कोण. तिथं सगळ्यांना माहीत असतं.

आणि यांना तीच माती हवी. हे तिला कधी कळलं नव्हतं असं नाही, पण उपसलेल्या खड्ड्याकडे बघताना ते पहिल्यांदा नीट दिसलं. बाकी माणसं गावाकडची म्हणून आठवण जपतात ती आपल्या शेताची, आपल्या घराची. यांचं तिथं काय होतं? जी माती कधी यांची नव्हती, जिच्यात बाप राबला आणि जी बापाच्या पायाला चिकटून आली तरी उंबऱ्याबाहेरच झाडून टाकावी लागली, तिच्यासारखी दुसरी शोधून, विकत घेऊन, घराच्या चारी बाजूंनी लिंपून घेतली. त्या मातीला नाव ठेवायचं म्हणजे कशाला नाव ठेवायचं? एका वाक्याचं काम होतं. तुमच्या मातीनं झाडं मारली. ती ते मनात म्हणून बघायची आणि दर वेळी वाक्याच्या मध्यात त्यांचं तोंड यायचं, ती वळी हातावर ठेवतानाचं.

माती भुसभुशीत व्हायला लागली, मुठीत दाबून सोडली की फुटायला लागली, तेव्हा जयंती शाळेवर गेल्यावर तिनं सब्बल घेतली. जयंती वैशाली नगरच्या एका शाळेत शिकवत होती, लुना घेऊन जायची. तिची लुना वळणावर दिसेनाशी झाली की मालन पदर खोचायची. सब्बल म्हणजे आपली पहार. पहिले घाव हाताला झिणझिण्या आणत होते. तिनं आधी खड्ड्याच्या चकचकीत भिंती खरवडल्या, सगळीकडून, मुळाला शिरायला जागा राहील अशा. मग बूड. थप्प, थप्प, थप्प, आवाज तोच, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, आणि प्रत्येक घावाला तिच्या मनात कुठलं तरी गाव उघडायचं. फुलेरा, तिथलं क्वार्टर, जिथं ट्रंका उघडायच्या आत बदलीची ऑर्डर आली. थप्प. बांदीकुई, जिथं जयंती झाली आणि हे ड्यूटीवर होते. थप्प. एक्याऐंशीचा पूर, जेव्हा शहरात घरांच्या भिंती बसल्या आणि भाड्याच्या खोलीत कॉटवर उभं राहून तिनं पहिल्यांदा म्हटलं होतं, आपलं घर पाहिजे. म्हटलं होतं का? की मनातच? तिला आठवेना. आणि एकदम सब्बल खस्सकन खाली गेली. हात मोकळा पडला, ती पुढे झुकली. काढून बघितली तर टोकाला पिवळी रेती, कोरडी, कढईतल्या फुटाण्यांच्या वाळूसारखी. मांडीएवढ्या काळीच्या खाली सगळी ती होतीच, गप्प, दाबलेली, इतके दिवस. मालननं खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते फिरलं, बुडबुडलं, आणि गेलं. ती एकटीच हसली. मग घाबरून भिंतीकडे बघितलं.

रविवारी जयंतीला कळलंच. ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्याशी बसली. "पण आई, खाली पत्थर टाकायचे ना? आमच्या स्कूलचा माळी टाकतो."

"मागल्या वेळी तुझ्या पप्पांनीच टाकले होते. काय झालं? पाणी दगडांत बसून राहिलं. बुडाला वाट नसली तर दगड टाक नाहीतर सोनं टाक."

"मग आता?"

"आता बूड फुटलंय. रेती वर काढायची, ही काळी आन् शेणखत तिच्यात मिसळायचं, आन् झाड खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावायचं. गळा कोरडा राह्यला पायजे."

"कुणाचा गळा?"

"झाडाचा. कुणाचा!"

दोघी हसल्या. मग मालननं तिला चर दाखवला. उंचवटा केला तरी पावसात साऱ्या अंगणाचं पाणी इथंच येणार, भिंत त्याला बाहेर जाऊ देणार नाही, म्हणून खड्ड्याच्या बाजूनं भिंतीच्या कडेकडेनं एक चर फाटकापर्यंत, त्यात विटांचे रोडे. अर्धा झाला होता. जयंती फावडं मारता मारता थांबली. "पप्पा गुस्सा होतील. त्यांना विचारलं पण नाही तू. त्यांची माती आहे ना ही, मतलब, त्यांना ती किती प्यारी आहे."

"झाड जगलं तर गुस्सा जातो."

"आणि नाही जगलं तर?"

मालननं एक रोडा उचलून चरात टाकला.

"आई, तुला जायचंय गावाला?"

मालननं फावड्यानं चरातलं एक ढेकूळ फोडलं.

"नाही जायचं ना? मग बोल ना डायरेक्ट. या बिचाऱ्या झाडाला का बीचमध्ये आणायचं?"

"असं बोलत नसतात," मालन म्हणाली. "तुला नाही कळायचं. रोडे टाक."

पोरगी रोडे टाकायला लागली, अर्धं मराठी अर्धं हिंदी गुणगुणत, आणि बोललेलं विसरूनही गेली असेल. तरुण माणसं वाक्यं अशी टाकतात, पार्वतीजींच्या भांड्याच्या पाण्यासारखी. मालनच्या मनात मात्र ते वाक्य साचून राहिलं. सोमवारी चर पुढे नेताना, मंगळवारी शेणखत चाळताना, ते होतं. असं बोलत नसतात. का नसतात? तिनं आठवून बघितलं, जन्मात आपण कधी 'मला नको' म्हटलंय का. भाजी नको, साडी नको, दुसरं मूल नको हे डॉक्टरणीला. नवऱ्याला नाही. त्यानं कधी मारलं नव्हतं, कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे नाही म्हणायची वेळच आली नव्हती असं ती धरून चालली होती. चांगल्या माणसाच्या संसारात हीच गोची, भांडायला कारण मिळत नाही आणि आयुष्य त्याच्या मनासारखं होऊन जातं. ती खणत होती ती कुणासाठी? झाडानं जगून तिच्या वतीनं बोलावं म्हणून. तिनं झाडाला वकील केलं होतं, जसं त्यानं झाडाला न्यायाधीश केलं. आणि ते कलम गोणपाटात उभं होतं, बिचारं, त्याला कशाचा पत्ता नाही. समजा एवढं करूनही मेलं? लू खरंच लागली? वाळवी आली? तर ती ट्रंक भरणार, फुलेऱ्याला भरली तशी. हे कळल्यावर तिचे हातच थांबले. सब्बल चरात टेकवून ती भर दुपारी, घामानं ओली, तशीच उभी राहिली.

कलम तिनं लावलं नाही. खड्डा तयार होता, उंचवट्याची माती कालवून ठेवली होती, चर फाटकापर्यंत पोचला होता. पण कलम तिनं लावलं नाही.

गुलाबराव बुधवारी सकाळी आले, स्टेशनवरून ऑटोनं. हातात पिशवी, पिशवीत भावजयीनं दिलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि तोंडावर एक उजेड, जो मालननं जुन्या फोटोत सुद्धा बघितला नव्हता. चहा होईपर्यंतही दम निघेना. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहूनच सांगायला लागले. तुकडा बघितला. विहिरीच्या अंगाला हाय. पाटलाच्या नातवानं स्वतः फिरवून दाखवला. "आन् मग घरी घेऊन गेला. वाड्यात, मालन. कॉटवर बसवलं, शेजारी. सूनबाईनं चहा आणला. कपबशीतून. त्यांच्याच कपबशीतून, वेगळा नाही काय नाही. मी पार बुडापर्यंत प्यालो." ते हसले, डोळे पुसले. "माझा आबा असता तर..."

मालननं चहा गाळला. एवढं बोललेले हे तिला आठवत नव्हते. तो कप तिला दिसत होता, त्याच्या कडेची सोनेरी रेघसुद्धा. एखाद्या माणसानं आयुष्यभर उन्हात उभं राहून मिळवलेली गोष्ट, आणि ती आपण त्याच्या हातातून काढून घ्यायची. तिला वाटलं, नाही म्हणता येणार. आता तर नाहीच.

"खड्डा भिजवलास?" ते म्हणाले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

ती मागोमाग गेली. ते उभे होते. त्यांचं सपाट, दोरी लावून केलेलं अंगण भिंतीकडेनं चिरलं होतं, चिरेतून विटांचे रोडे दिसत होते, आणि खड्ड्याशेजारी पिवळ्या रेतीचा ढीग, आतलं काही बाहेर काढून ठेवावं तसा. ते नुसतं बघत होते. भिंतीपलीकडे मेथी निवडायचा आवाज थांबला.

"तुमच्या मातीनं मारली झाडं," मालन म्हणाली. वाक्य मधे थांबलं नाही. "पाणी जातच नव्हतं. बुडून मेली ती. खाली सगळी रेती हाय, मी बूड फोडलं. काळी टाकून दिली नाही, हितंच हाय, मिसळलीय."

ते खाली बसले. ढिगातली रेती हातात घेतली, बोटांतून जाऊ दिली. मग म्हणाले, "म्हंजे जगंल आता."

"जगंल. मरंल बी. ते झाडाचं झालं." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, चढा नव्हता, पण पलीकडे ऐकू जाईल असा, आणि ऐकू गेला तरी चालेल असा. "मी सांगते ते आयका. झाड जगलं तरी मी हितंच राहणार, मेलं तरी हितंच. मला गावाला यायचं नाई."

"काय बोलायलीस तू?" ते गोंधळून बघत होते, रागावून नव्हे, वेळापत्रकात नसलेली गाडी समोरून यावी तसे. "आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी भात वाढत होते."

"मालन, त्यानं मला शेजारी बसवलं. तू नव्हतीस, म्हून तुला..."

"जमीन त्याला विकायचीय." हे तिला म्हणायचं नव्हतं, पण आता थांबता येईना. "कप इसार होईपर्यंतचा हाय, गार्डसाहेब. कागद झाला की तो कप फळीवर जातो, आन् मग रोज विहिरीच्या वाटेनं तुम्हाला जायचंय आन् मला जायचंय. कोण बसवतंय बघू शेजारी."

 त्यांच्या तोंडावरचा उजेड गेला, पण एकदम नाही, दिव्याची वात खाली करावी तसा, आणि मालनला दिसलं की हे त्यांना ठाऊक होतं. तिथं कॉटवर, कप हातात असतानाच ठाऊक होतं. तरी तो प्यायचा होता. तिला पुढे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ती जागची हलली नाही. हलली असती तर पुढचं सगळं पुसलं गेलं असतं.

"मग मी एकट्यानं जाऊ?"

"जा की. पास हाय रेल्वेचा. जा-ये करा. भावजींकडं राहा चार दिवस, मोसंब्या खाऊन या. मी नाई म्हणत नाई. मी फक्त येणार नाई."

पलीकडे पार्वतीजींच्या दाराची कडी वाजली. मराठी कळत नसलं तरी बाई समजून आत गेल्या असाव्यात. जमेला आणखी एक. गुलाबराव उठले, आणि चराच्या कडेनं चालायला लागले, फाटकापासून घराकडे, मान खाली, हात मागं, पुन्हा फाटकाकडे. मध्येच थांबायचे, एक डोळा बारीक करून चरातून बघायचे. ती त्यांच्याकडे बघत सब्बल धरून उभी होती. आत जाऊन ट्रंक काढतील, की हा चर बुजवायला लागतील, की नुसतेच फिरत राहतील संध्याकाळपर्यंत, तिला काही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाचं पुढचं पाऊल तिला ठाऊक नव्हतं.

ते तिच्यासमोर येऊन थांबले. हात पुढे केला. "सब्बल दे."

तिनं दिली नाही. "कशाला?"

"दे म्हंतो ना."

"आधी सांगा, कशाला."

त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत खुपसले, आणि अनवाणी चरात उतरले. "ढाळ उलटा दिलास तू. फाटकाकडं उतार पायजे, तू घराकडं दिलाय. पहिल्याच पावसात सगळं पाणी घराच्या पायात शिरंल, भिंती बसतील." त्यांनी अजून वर बघितलं नव्हतं. "राहायचंय म्हणतीस ना?"